केक छान फुगतो आणि मग मधूनच बसतो : कुठून तपासायला सुरुवात करायची

आधी लक्षणं. ‘ताई, केक बसला’ एवढंच सांगितलं तर मला काहीच कळत नाही, कारण त्या वाक्यामागे निदान चार वेगळे बिघाड असू शकतात. केक पूर्ण गार होऊ द्या, सुरीने बरोबर मधून उभा कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरून बघा.

केक ओव्हनमध्ये असतानाच पंधरा-वीस मिनिटांत भराभर वर आला, टिनच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच कोसळला असेल, आत मोठमोठी भोकं दिसत असतील, कडा भुसभुशीत आणि चवीला साबणासारखा तुरटपणा असेल, तर सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली आहे.

बाहेर काढताना केक उत्तम दिसत होता, पण ओट्यावर ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांत मधोमध वाटीएवढा खळगा पडला आणि कापल्यावर नेमका तेवढाच भाग ओला, सुरीला चिकटणारा निघाला, तर तो कच्चा राहिला आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार सगळ्यात जास्त.

वरून फारसा बसलेला नाही, पण तळाशी बोटभर जाडीचा दडस, गच्च थर आहे, बिघडलेल्या ढोकळ्यासारखा? तिथे मिश्रण फार पातळ झालेलं असतं, नाहीतर ओव्हनमध्ये जायच्या आधी बराच वेळ ओट्यावर पडून राहिलेलं असतं.

वरचं कवच काळपट, तडकलेलं आणि त्याखाली ओला गर असेल, तर ओव्हन जास्त तापतोय किंवा टिन वरच्या तापणाऱ्या रॉडच्या फार जवळ आहे.

आणि केक मुळात फुगलाच नसेल, सगळीकडे सारखाच चपटा असेल, तर तो बसलेला नाही. त्यासाठी खालची सोड्याची तपासणी तेवढी करा.

मी नाशिकला गेली बारा वर्षं घरून केक करते आणि मे महिन्याच्या सुट्टीत शिकवतेही. बसलेला केक मी माझ्या आणि इतरांच्या ओव्हनमध्ये इतक्या वेळा बघितलाय की आता फोनवर चार प्रश्न विचारले तरी बहुतेक वेळा कारण सापडतं. तेच प्रश्न इथे लिहिते आहे, फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरुवात करून. एक विनंती आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. केक बसला म्हणून पुढच्या वेळी सोडाही कमी, दूधही कमी आणि तापमानही जास्त असं केलंत आणि केक जमला, तरी नेमकं काय चुकत होतं ते कळणार नाही आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा बसेल.

केक मुळात बसतो कशामुळे

घराचा स्लॅब ओततात तेव्हा खाली लाकडी टेकू लावतात. सिमेंट धरेपर्यंत ते काढत नाहीत. केकमध्ये सोड्याने तयार झालेला वायू, फेटताना भरलेली हवा आणि पाण्याची वाफ हे टेकू असतात. मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं म्हणजे सिमेंट. टिन कडेने तापतो, त्यामुळे कडा आधी धरतात आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. टेकू लवकर निघाले किंवा सिमेंट धरायला उशीर झाला, की जिथे अजून धरलेलं नाही तिथे छत खाली येतं. म्हणून खळगा कायम मधोमध पडतो. पुढची प्रत्येक तपासणी या दोनपैकी एका गोष्टीची आहे : टेकू लवकर का निघाले, किंवा धरायला उशीर का झाला.

दार, घड्याळ आणि टूथपिक

यात एक पैसाही खर्च होत नाही. पहिल्या पंचवीस मिनिटांत ओव्हनचं दार उघडलं होतं का? वीस-तीस लिटरच्या छोट्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये, दार उघडलं की आतली गरम हवा क्षणात बाहेर येते आणि तापमान बरंच उतरतं. कडा धरलेल्या असतात, मधला भाग नुसत्या फुगलेल्या हवेवर उभा असतो, तो खाली येतो. काचेतून बघा, आत दिवा नसेल तर मोबाईलच्या उजेडात बघा, पण दार उघडू नका.

पाककृतीत चाळीस मिनिटं लिहिलंय म्हणून चाळिसाव्या मिनिटाला केक बाहेर काढला होता का? ती मिनिटं लिहिणाऱ्याच्या ओव्हनची असतात. तुमच्या ओव्हनला पस्तीस लागतील किंवा पंचावन्न. टूथपिक मधोमध घाला. बऱ्याचजणी कडेपासून दोन बोटांवर घालतात, तिथे तो केव्हाच शिजलेला असतो. ओलं मिश्रण लागलं तर अजून वेळ द्या, कोरडा चुरा लागला तर चालेल. केकने टिनची कड सोडलेली असावी आणि वरून बोटाने हलकेच दाबल्यावर खळी लगेच भरून यावी. घरात टोचायचा अन्न-थर्मामीटर असेल तर केकच्या पोटात ९६ ते ९८ अंश दिसले की झाला, त्यात अंदाजाचा प्रश्नच राहत नाही.

वरून लाल झालाय आणि आत कच्चा आहे, तर वर अल्युमिनियम फॉइल सैल झाकून आणखी दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर लगेच कच्चा आहे असं कळलं तर तसाच परत आत ठेवता येतो. गार झाल्यावर मात्र परत भाजून खळगा भरून येत नाही.

गरम केक पंख्याखाली ठेवला म्हणून बसला, असं पुष्कळजणी सांगतात. माझा अनुभव असा की पूर्ण भाजलेला केक पंख्याने बसत नाही. पंख्याखाली खचला तर तो आत कच्चा होता.

टिन केवढा आणि कुठे

आठ इंची टिनची पाककृती सहा इंची टिनमध्ये ओतली की मिश्रणाची उंची पावणेदोन पटीच्या आसपास जाते. गोल टिनचा हिशोब व्यासाच्या वर्गाने करायचा : आठ आठे चौसष्ट आणि सहा साही छत्तीस. खोल टिनमध्ये मधोमध उष्णता पोचायला फार वेळ लागतो, तोवर टेकू निघून जातात. टिन अर्ध्यापर्यंत, फार तर दोन तृतीयांश भरा. उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करा.

मुंबईच्या इराणी बेकऱ्यांतला मावा केक लहान लहान साच्यांत का भाजतात, याचा विचार करून बघा. मावा आणि लोण्याचं ते जड मिश्रण मोठ्या टिनमध्ये मधोमध धरायला खूप वेळ घेईल. लहान साच्यात मधला भाग आणि कड यांत अंतरच फारसं नसतं. तुमचा मावा केक किंवा खजूर-अक्रोड केक सतत बसत असेल तर आधी टिन लहान करा.

टिन ओटीजीच्या मधल्या फळीवर, मधोमध ठेवा. वरच्या रॉडपासून चार-पाच बोटं जागा हवी, फुगल्यावरही. काळा टिन उष्णता जास्त ओढतो, कडा लवकर कडक होतात. त्यात तापमान दहा अंशांनी कमी ठेवा.

सोडा आणि बेकिंग पावडर

दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. जोरात फसफसला पाहिजे. बेकिंग पावडर अर्धा चमचा घ्या आणि गरम पाण्यात टाका, तीही भरभर फसफसायला हवी. नुसते दोन-चार बुडबुडे आले तर डबा रिकामा करा. आपल्याकडे पावसाळ्यात ओट्यावरच्या उघड्या डब्यातली बेकिंग पावडर हवेतली ओल ओढून डब्यातच काम उरकून टाकते, छापलेली तारीख पुढची असली तरी. गुठळ्या झाल्या असतील तर ती ओलावली आहे असंच समजा.

पण बसणाऱ्या केकमध्ये बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं, म्हणजे पावडर जास्त पडलेली असते. ‘फुगायला हवा म्हणून थोडा जास्त घातला’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! जास्त वायू एकदम तयार होतो, बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत फुटतात, आणि मिश्रण धरायच्या आत वायू वर निघून जातो. एक कप, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम मैद्याला एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, किंवा दही-ताक असेल तर पाव चमचा सोडा, हा साधा हिशोब. बिनअंड्याच्या केकला पाककृतीत थोडं जास्त लिहिलेलं असतं, ते ठीक आहे, त्यात स्वतःहून भर घालू नका. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा, शीग लावू नका. मैद्याबरोबर दोन वेळा चाळा, नाहीतर एखाद्या गुठळीपाशी खड्डा पडतो.

सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सोडा तीन-चार पट तेज असतो आणि त्याला दही, लिंबू, व्हिनेगर असं काहीतरी आंबट लागतं. बेकिंग पावडरमध्ये आंबट क्षार आणि स्टार्च आधीच घातलेला असतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली ती बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. त्याच्या आधी १८३७ मध्ये तिला अंडंही चालत नव्हतं म्हणून त्यांनी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं होतं. आपल्या फळांच्या कस्टर्डचा आणि बिनअंड्याच्या केकचा उगम असा एकाच स्वयंपाकघरात आहे, हे मला फार आवडतं. शिकवताना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यातून एक गोष्ट लक्षात राहते : अंडं काढलं की फुगवण्याची जवळजवळ सगळी जबाबदारी त्या चमचाभर पावडरीवर येते. तिथे माप चुकवून चालत नाही.

थांबून राहिलेलं मिश्रण

नाताळात किंवा वाढदिवसाला दोन टिन एकदम तयार करतात, ओटीजीत मावतो एक. पहिला केक सुरेख होतो, दुसरा बसतो किंवा तळाशी दडस निघतो. सोडा दह्याला लागला की काम त्याच क्षणी सुरू होतं. पाऊण तास ओट्यावर ठेवलेल्या मिश्रणातला बराचसा वायू केव्हाच उडून गेलेला असतो. इनो घातलं असेल तर एवढासुद्धा वेळ मिळत नाही. ओव्हन आधी तापवा, टिनला कागद आधी लावा, मग ओलं आणि कोरडं एकत्र करा. दुसऱ्या केकचं कोरडं एका भांड्यात आणि ओलं दुसऱ्या भांड्यात वेगळं ठेवा. पहिला बाहेर आला की मिसळा.

रवा केकचं थोडं वेगळं आहे. रव्याला भिजायला वेळ हवाच, निदान अर्धा तास. गोव्यात रवा-नारळाच्या बाथ केकचं मिश्रण बऱ्याच घरी रात्रभर ठेवतात. न भिजलेला रवा ओव्हनमध्ये पाणी ओढत बसतो, खाली बसतो आणि तळाला गच्च थर होतो. म्हणून रवा, दही, साखर भिजवून ठेवा, पण सोडा किंवा बेकिंग पावडर टिनमध्ये ओतायच्या अगदी आधी घाला.

मापं : इथे सगळ्यात जास्त घोळ

वाटी म्हणजे कप नव्हे. घरातली आमटीची वाटी दीडशे मिलीलीटरची असेल किंवा दोनशेची. एकच वाटी सगळ्याला वापरली तर प्रमाण टिकतं हे खरं, पण ‘दोन अंडी’ आणि ‘एक चमचा पावडर’ वाटीने मोजत नाहीत, तिथे प्रमाण मोडतं.

डिजिटल वजनकाटा घेतला असेल तर आधी तुमच्या मापाच्या कपांची परीक्षा घ्या. कप काठोकाठ पाण्याने भरा आणि वजन करा. २४० ग्रॅमच्या जवळ यायला हवं. छोटा चमचा पाण्याने भरला की ५ ग्रॅम, मोठा चमचा १५ ग्रॅम. मी तपासलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या संचांत छोटा चमचा सात ग्रॅमपर्यंत भरलेला बघितलाय. म्हणजे प्रत्येक चमच्याला जवळजवळ अर्धा चमचा सोडा जास्त! त्या घरात तीन महिने केक बसत होता आणि दोष ओटीजीला देत होते.

साखर ही खरी लबाड. एक कप दाणेदार साखर २०० ग्रॅम भरते. एक कप पिठीसाखर साधारण १२० ग्रॅम. पाककृतीत ‘एक कप पिठीसाखर’ असेल आणि तुम्ही एक कप साखर मोजून मग मिक्सरमध्ये दळलीत, तर ८० ग्रॅम साखर जास्त गेली. साखर नुसता गोडवा वाढवत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि स्टार्च ज्या तापमानाला धरतो ते तापमान वर ढकलते. सिमेंट धरायला उशीर, छत खाली. वरचा थर चकचकीत, कडक पापुद्र्यासारखा आणि मध्ये खळगा दिसला तर साखरेचं वजन तपासा. मैद्याचंही असंच : चमच्याने हलकेच भरलेला कप १२० ग्रॅम, डब्यात खुपसून दाबून भरलेला १५० ग्रॅमपर्यंत जातो.

मैद्याऐवजी कणीक वापरत असाल तर गिरणीवरची कणीक पाणी जास्त पिते. दोन-तीन मोठे चमचे दूध जास्त लागेल. आणि घरचं दही पाणी सुटलेलं असेल तर ते ओतून टाकून घट्ट दही मोजा. त्या पाण्यानेच तळाचा दडस थर होतो.

परदेशातून आलेली पाककृती, परदेशातून आलेलं पाकीट

माझ्या मावसबहिणीची मुलगी लंडनहून येताना बॅगेत चॉकलेटांबरोबर मैद्यासारखं एक पाकीट घेऊन आली. बहिणीने नेहमीच्या पद्धतीने त्याचा केक केला, बेकिंग पावडर घालून. ओव्हनमध्ये तो टिनबाहेर सांडला आणि मग थेट तळाला गेला. पाकिटावर ‘सेल्फ रेझिंग फ्लावर’ लिहिलेलं होतं. ब्रिटनमध्ये घरोघरी वापरतात त्या या पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. तिथला व्हिक्टोरिया स्पंज यावरच होतो : अंडी, लोणी, साखर आणि हे पीठ, चारही सारख्या वजनाचं. आपल्याकडे करायचा तर एक कप मैद्याला दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ चाळून घ्या. असं पीठ भेट आलं असेल तर त्यात वेगळी पावडर घालू नका, पाककृतीत स्पष्ट लिहिलेली नसेल तर.

तिथली ‘कॅस्टर शुगर’ म्हणजे आपली पिठीसाखर नव्हे. ती बारीक दाण्याची साखर असते. आपली साखर मिक्सरला दोन वेळा झटका देऊन बारीक करा, भुकटी करू नका, आणि वजनाने घ्या. अमेरिकन पाककृतीतली ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम लोणी. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलीलीटरचा असतो, बाकीकडे १५. अंड्याचं वजन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : अमेरिकन पाककृतीतलं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमच्या आसपास धरतात आणि आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं पुष्कळदा त्याहून लहान असतं. तीन अंड्यांऐवजी १५० ग्रॅम अंडं मोजा. अंडं कमी म्हणजे सिमेंट कमी.

तापमानाचंही बघा. ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस. ‘गॅस मार्क ४’ म्हणजे १८०. ब्रिटिश पाककृतीत पंख्याच्या ओव्हनचा आकडा २० अंशांनी कमी असतो. साध्या ओटीजीत पंखा नसेल तर मोठा आकडा घ्या. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर करत असाल तर तिथे पंखा आहे, छोटा आकडा घ्या.

आणि उलट दिशेने : इथल्या आईच्या पाककृतीचा केक अमेरिकेत डेन्व्हरला गेलेल्या मुलाकडे बसतो. ते शहर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीचा वायू जास्त फुगतो, आणि पाणी १०० ऐवजी सुमारे ९५ अंशांना उकळतं, म्हणून केक धरायला उशीर. सोडा-पावडर पाव भागाने कमी करा, दूध एक-दोन मोठे चमचे वाढवा, तापमान दहा अंशांनी चढवा. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे आणि पाचगणी त्याहून थोडं खाली, तिथल्या घरांनाही हेच लागू. नाशिक-पुण्याला याची गरज पडत नाही.

लोणी, उन्हाळा आणि फेटणं

लोणी-साखर फेटताना लोणी विसेक अंशांवर असावं : बोटाने दाबलं तर खळी पडते, पण चकाकत नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा ‘फ्रिजबाहेर एक तास’ या सूचनेने लोण्याचं तेल होतं, आणि तेलात हवा कोंडून राहत नाही. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेटा, सकाळी लवकर करा.

मैदा घातल्यावर बीटर बाजूला ठेवा. आता फक्त उलथन्याने खालून वर हलकेच घड्या घालायच्या, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. त्यानंतर फेटत राहिलं तर मैद्याला चिकटपणा येतो, आत उभे बोगदे पडतात आणि केक रबरासारखा होतो.

ओव्हन आणि वीज

वरचं सगळं नीट असूनही केक बसतोय? आता ओव्हनकडे वळा, त्याआधी नको. बटण १८० वर फिरवलं म्हणजे आत १८० झाले असं नसतं. वीस-तीस अंशांचा फरक मी नेहमी बघते. काहीशे रुपयांत ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर मिळतो. या यादीतला हा पहिला खरा खर्च, आणि तो करावाच. रिकामा ओव्हन वीस मिनिटं तापवून काचेतून वाचा, पुढच्या वीस मिनिटांत आणखी तीन वेळा वाचा. रॉड लागतो-बंद होतो तसा आकडा थोडा वर-खाली होणारच. सरासरी १६० येत असेल तर बटण २०० वर ठेवून परत बघा. फरक कायम सारखा असेल तर तुमचा ओव्हन बिघडलेला नाही, त्याची सवय तुम्हाला कळली इतकंच. बाहेरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवू नका. कित्येक ओटीजीत तो फक्त टायमर चालू असल्याचं दाखवतो.

थर्मामीटर नसेल तर फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा. १७५ वर पंधरा मिनिटांत ती दाणेदार राहायला हवी, १९० वर पंधरा मिनिटांत वितळायला हवी. ही बारीक मोजणी नाही, पण मोठा फरक पकडते.

गावाकडे आणि शहराच्या कडेला संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्याचाही हिशोब धरा. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे १८० झाले तर १,५०० वॅटचा ओटीजी सव्वानऊशे वॅटच्या आसपास काम करतो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून रॉड चालू-बंद करणारा भाग, रॉड जास्त वेळ चालू ठेवतो, पण केक आत गेल्यावर ओव्हन पुन्हा तापायला फार वेळ घेतो. सासरी गेले की मी केक दुपारी भाजते आणि ओव्हन पंचवीस मिनिटं तापवते. तिथे संध्याकाळी केलेला केक बसायचा आणि दुपारचा कधीच नाही, यावरूनच मला हे कळलं.

इथे थांबा

ओटीजीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं किंवा झटका बसला, तर मेन स्विच बंद करूनच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो लावू नका. अर्थिंग किंवा आतली वायर गेली आहे. प्लग गरम होत असेल, प्लास्टिक जळल्याचा वास येत असेल, एमसीबी (मीटरजवळचा आपोआप बंद होणारा स्विच) सारखी पडत असेल, तर केक विसरा. १,५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, ओटीजी साध्या ६ अँपिअरच्या बोर्डवर लावायचाच नसतो, मोठा १६ अँपिअरचा पॉइंट हवा. रॉड अर्धाच लाल होतो, किंवा तापमान २३०-२४० पर्यंत चढूनही रॉड बंद होत नाही, तर थर्मोस्टॅट किंवा रॉड बदलावा लागेल. तो घरी उघडू नका. मायक्रोवेव्ह तर प्लग काढल्यावरही उघडायचा नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहतो. गॅसच्या ओव्हनला वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, कोणतंही बटण लावू किंवा बंद करू नका, घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

कच्चा राहिलेला मधला भाग मुलांना देऊ नका, विशेषतः त्यात अंडं असेल तर. कच्चा मैदाही पोटाला बाधतो. भाजलेली कड काढून तिचे तुकडे कस्टर्डमध्ये घाला, मुलं आनंदाने खातात.

आणि वाढदिवस उद्यावर आला असेल, दोन केक बसले असतील, तर तिसरा करू नका. रात्री अकरा वाजता थकलेल्या हाताने मापं आणखी चुकतात. ओळखीच्या बेकरीतून केक आणा आणि तपासणी पुढच्या आठवड्यात करा.

मेकॅनिकला बोलावलंत तर त्याला ‘केक बसतो’ असं सांगू नका. तो रॉड लाल होतो एवढं बघून शंभर रुपये घेऊन जाईल. थर्मामीटरचे चार आकडे वेळेसकट कागदावर लिहून त्याच्या हातात द्या : बटण १८० वर, पंधराव्या, विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या मिनिटाला किती. आणि दुरुस्ती झाल्यावर तो जायच्या आधी तेच आकडे त्याच्यासमोर परत घ्या.